घडीच्या चाकूचे रंगीत स्क्रू

(नभोवाणीवरील भाषण)

माणसाच्या खिशांत वावरणाऱ्या वस्तूंमध्यें घडीचा चाकू ही फार जुनी आणि फार उपयोगी वस्तु आहे. पेन्सिलीला टोंक काढण्यापासून आंब्याची फोड करण्यापर्यंत आणि सुतळी कापण्यापासून कलम करण्यापर्यंत शेंकडों कामें तो निमूटपणें करितो. आणि काम संपलें म्हणजे आपलें पातें आपल्याच मुठींत मिटून घेऊन मालकाच्या खिशांत परत जातो. या चाकूकडे पाहतांना आपण पात्याचें पोलाद पाहतों, मुठीचें शिंग किंवा लांकूड पाहतों. परंतु पातें आणि मूठ यांना एकत्र धरून ठेवणारे जे चारदोन लहानसे खिळे असतात, त्यांच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. अलीकडे मात्र या उपेक्षितांचे दिवस पालटले आहेत. चाकूचे मूळचे पोलादी स्क्रू काढून त्यांच्या जागीं टायटॅनियम नांवाच्या धातूचे निळे, सोनेरी, जांभळे किंवा हिरवे स्क्रू बसविण्याची हौस जगांत पुष्कळ ठिकाणीं पसरली आहे. ही हौस निव्वळ नटवेपणाची आहे, कीं तिच्यांत कांहीं अर्थ आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

हा विचार दिवाणखान्यांत बसून करण्यापेक्षां जेथें चाकू रोज राबतो अशा ठिकाणीं जाऊन करणें बरें. पुणें-नाशीक रस्त्यावर, मीना नदीच्या कांठीं, जुन्नर तालुक्यांत नारायणगांव आहे. तमाशाच्या फडांचें गांव म्हणून त्याची ख्याति आहे. टोमॅटोच्या बाजारपेठेसाठीं तें व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. आणि त्याच्या आसपासच्या बागांतील द्राक्षें परदेशींही जातात. द्राक्षाच्या वेलीची वर्षांतून दोनदां छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळांसाठीं गोडी छाटणी. छाटणीचें काम कात्रीचें असतें. परंतु कलमाचें काम चाकूचेंच. पुष्कळ बागांत आधीं डॉगरिज नांवाच्या काटक जातीचे खुंट लावतात, आणि ते जोमदार झाले म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस त्यांवर हव्या त्या जातीच्या काडीचें पाचर कलम करितात. काडीचें खालचें टोंक दोन्ही बाजूंनीं तासून पाचरीसारखें निमुळतें करावयाचें, खुंटाला मधोमध चीर द्यावयाची, आणि दोघांच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांला भिडेल अशा बेतानें पाचर चिरेंत बसवावयाची, असा हा प्रकार आहे. दोन्ही काप सपाट आणि गुळगुळीत पाहिजेत. चाकूचें पातें मुठींत खिळखिळें झालेलें असेल तर काप वांकडा होतो, सांध्यांत फट राहते, काडी वाळते आणि त्या खुंटाचा हंगाम फुकट जातो. एका बारीकशा स्क्रूच्या ढिलेपणाची किंमत ही अशी मोजावी लागते.

या सांध्याचे शत्रुही पुष्कळ आहेत. वेलीचा रस आंत शिरून वाळतो. माती आणि घाम त्यांत मिसळतात. पावसाळ्यांतील दमट हवा गंज आणते. द्राक्षबागेंत यांच्या जोडीला मोरचूद असतो. १८८५ च्या सुमारास फ्रान्सच्या बोर्डो प्रांतांत मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञानें मोरचूद आणि चुना यांचें मिश्रण वेलीवरील केवडा रोगावर गुणकारी असल्याचें दाखविलें. तें बोर्डो मिश्रण आज आपल्याकडील बागाइतदारांच्या नित्य परिचयाचें आहे. एक टक्क्याचें मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि त्याची आम्लता मारण्यापुरता चुना. चुना पुरेसा पडला कीं नाहीं हें ओळखण्याची जुनी युक्ति अशी, कीं विळ्याचें किंवा चाकूचें स्वच्छ लोखंडी पातें थोडा वेळ मिश्रणांत बुडवून धरावें. त्यावर तांबूस पुट चढलें तर चुना कमी आहे असें समजावें. ही परीक्षा चुन्याची खरी. परंतु तींत चाकूचीही हकीकत कळते. मोरचुदांतील तांबें लोखंडावर बसतें, तेव्हां त्याच्या बदल्यांत लोखंड विरघळून जात असतें. जें उघड्या पात्यावर डोळ्यांना दिसतें, तेंच मुठीच्या आंत स्क्रूच्या आट्यांत, कोणाला न दिसतां घडूं शकतें. शिवाय रोगट वेलीवर चाललेला चाकू निरोगी वेलीवर चालविण्यापूर्वीं निर्जंतुक करावा लागतो. आणि त्यासाठीं जीं क्लोरीनयुक्त द्रावणें वापरतात, तींही पोलादाला खातात. अशा ठिकाणीं गंज न चढणारा स्क्रू हा चैनीचा विषय राहत नाहीं.

परंतु स्क्रू बदलावयाचा म्हटलें तर आधीं तो निघाला पाहिजे. जुन्या चाकूंत ही सोय नव्हती. त्यांचा सांधा रिव्हेटाचा, म्हणजे दोन्ही टोंकांनीं ठोकून बसविलेल्या खिळ्याचा असे. स्विट्झर्लंडमधील ज्या प्रसिद्ध बहुपाती चाकूचा आराखडा १८९७ सालीं नोंदविला गेला, तो आजही बहुधा रिव्हेटांनींच जोडलेला असतो. रिव्हेट चिवट आणि स्वस्त असतो, यांत शंका नाहीं. तो सैल झाला म्हणजे लोहाराकडे जावें, त्यानें हातोडीचे दोन हलके ठोके द्यावे, कीं काम भागलें. मात्र त्यानें सांधा घट्ट होतो, स्वच्छ होत नाहीं. आंत सांचलेली घाण आंतच राहते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत स्क्रूनें जोडलेले घडीचे चाकू सर्रास मिळूं लागले. स्क्रूच्या डोक्यावर सहा टोंकांच्या चांदणीसारखा खळगा पाडण्याची टॉर्क्स नांवाची पद्धति अमेरिकेंत १९६७ सालीं निघाली होती; तीच या चाकूंना लागू पडली. त्या मापाचा लहानसा पेचकस हातीं असला म्हणजे असा चाकू घरच्या टेबलावर उघडतां येतो, धुतां येतो, पुसतां येतो आणि पुन्हां जोडतां येतो. रंगीत स्क्रूंची हौस या सोयीच्या पाठोपाठ आली.

आतां टायटॅनियम हा धातु मूळचा कोण, तें पाहूं. १७९१ सालीं इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यांतील विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला तेथील काळ्या वाळूंत एक अपरिचित धातु असल्याचें आढळून आलें. १७९५ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट यानें ग्रीक पुराणांतील टायटन नामक बलाढ्य दैवतांवरून त्याला नांव दिलें. पण नांव मिळाल्यानंतरही शंभरांवर वर्षें तो शुद्ध स्वरूपांत हातीं लागला नाहीं. तें काम १९१० सालीं अमेरिकेंत हंटर यानें केलें, आणि मोठ्या प्रमाणावर तो काढण्याची रीत १९४० च्या सुमारास क्रोल यानें सिद्ध केली. हा धातु दुर्मिळ मात्र नाहीं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणांतही त्याचें ऑक्साइड शेंकडा दोनतीन या प्रमाणांत असतें. म्हणजे शिवनेरीच्या कातळांतही तो आहेच. रत्नागिरीच्या कांहीं पुळणींवरील काळी वाळू ज्यांनीं पाहिली असेल, त्यांनीं टायटॅनियमची मुख्य खनिज माती, म्हणजे इल्मेनाइट, पाहिली आहे. केरळांत चवरा येथें अशाच वाळूचा मोठा सांठा असून, तेथें २०११ सालीं वर्षाला ५०० टन टायटॅनियम काढण्याच्या शक्तीचा कारखाना उभा राहिला. धातु महाग पडतो तो त्याच्या तुटवड्यामुळें नव्हे, तर त्याला प्राणवायूच्या मिठींतून सोडविणें फार खर्चाचें आहे म्हणून.

प्राणवायूची ही मिठी हेंच या धातूचें वर्म आहे आणि हेंच त्याचें कवचही आहे. ताज्या कापलेल्या टायटॅनियमवर हवेंतील प्राणवायूची पातळ साय तत्काळ धरते. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो आणि खालच्या लोखंडाला उघडें पाडीत जातो. टायटॅनियमची साय घट्ट बसते आणि खालच्या धातूला झांकून टाकते. मोरचूद, खारें पाणी, घाम, क्लोरीनचें द्रावण, यांपैकीं कशाचीही मात्रा तिच्यावर सहसा चालत नाहीं. आणि स्क्रूचा रंग म्हणतात तोही या सायीचाच खेळ आहे. त्या स्क्रूवर रंगाचा थेंबही लाविलेला नसतो.

ही गोष्ट प्रथम ऐकतांना नवल वाटतें. परंतु तिच्यासारखी दुसरी गोष्ट आपल्या लोहारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. छिन्नीला पाणी दिल्यावर तिचा ठिसूळपणा घालविण्यासाठीं लोहार ती पुन्हां हलकेच तापवितो आणि घासून चकचकीत केलेल्या भागावर रंगांची वाट पाहतो. आधीं गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटीं निळा रंग धांवत येतो. हवा तो रंग आला कीं तो छिन्नी पाण्यांत बुडवितो. हे रंग पोलादावर चढणाऱ्या सायीच्या जाडीचे असतात. साबणाच्या फुग्यावर आणि पावसाळ्यांत रस्त्यावरील तेलाच्या तवंगावर जे रंग दिसतात, त्यांचेंही कारण तेंच. सायीच्या वरच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश आणि खालच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात. साय जितकी जाड, त्या मानानें कांहीं रंग एकमेकांना मारतात आणि कांहीं उठून दिसतात.

टायटॅनियमवर ही साय विजेच्या साहाय्यानें मोजून मापून वाढवितां येते. स्क्रू अगदीं स्वच्छ करून धुण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणांत टायटॅनियमच्याच तारेनें टांगावयाचा, तो विजेच्या धन टोंकाला जोडावयाचा, आणि ऋण टोंक दुसऱ्या एखाद्या पोलादी अगर टायटॅनियमच्या पट्टीला जोडून तीही द्रावणांत ठेवावयाची. विजेचा दाब जितका अधिक, तितकी साय जाड होते आणि त्या जाडीवर येऊन थांबते. १५-२० व्होल्टांच्या सुमारास तपकिरी-जांभळी छटा, २५-३० व्होल्टांना गर्द निळा, ५५-६० ना सोनेरी, ७० च्या पुढें गुलाबी-जांभळा आणि ९०-१०० च्या सुमारास हिरवा, असा साधारण क्रम आहे. शुद्ध तांबडा आणि शुद्ध काळा रंग या रीतीनें येत नाहीं. निळ्या रंगाची साय मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असते. ९ व्होल्टांच्या तीन लहान बॅटऱ्या एकापुढें एक जोडल्या तरी निळा रंग मिळूं शकतो. मात्र मोठ्या दाबाची वीज प्राणघातक असते, आणि भिंतींतील घरगुती वीज तर या कामासाठीं कधींही घेऊं नये. उत्साही मुलांच्या पालकांनीं हें वाक्य विशेष ध्यानांत ठेवावें.

हे रंग केवळ शोभेसाठींच असतात असेंही नाहीं. मोडलेलीं हाडें जोडण्यासाठीं शस्त्रवैद्य टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू वापरतात. त्यांतील पुष्कळ स्क्रू निळे, सोनेरी किंवा हिरवे असतात, ते याच रीतीनें रंगविलेले. शस्त्रक्रियेच्या घाईंत हाताखालच्या माणसाला स्क्रूचें माप रंगावरून ओळखतां यावें, हा त्यांतील हेतु. कोणत्याही परक्या रंगाचें पुट नसल्यामुळें शरीरांत सुटून जाण्यासारखें त्यांत कांहीं नसतें. ज्या घरांत कोणाचा पाय मोडून पुन्हां जोडला गेला आहे, त्या घरांत कदाचित् असे रंगीत स्क्रू चाकूच्या आधींच येऊन पोंचलेले असतील.

येथपर्यंत टायटॅनियमचे गुण झाले. आतां त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. कारण विकणारे त्या सहसा सांगत नाहींत. पहिली मर्यादा बळाची. पुष्कळांची समजूत अशी, कीं टायटॅनियम पोलादाहून बळकट असतें. ही समजूत अर्धवट आहे. त्याचें वजन पोलादाच्या मानानें सुमारें शेंकडा ५७ भरतें, आणि त्या वजनाच्या मानानें तें फार बळकट आहे, हें खरें. परंतु आकार तोच ठेवला तर गोष्ट बदलते. शेंकडा ६ ॲल्युमिनियम आणि ४ व्हॅनेडियम मिसळलेली टायटॅनियमची प्रचलित मिश्रधातु सुमारें ९०० मेगापास्कल ताण सोसते. उत्तम पाणी दिलेला पोलादी स्क्रू १२०० सोसतो. आणि शुद्ध टायटॅनियम याच्या निम्म्याहूनही कमी. वजनाचा फायदा म्हणावा, तर चाकूचे सगळे स्क्रू मिळून भार तो किती? वांचतात ते एकदोन ग्रॅम.

दुसरी मर्यादा घर्षणाची. टायटॅनियम टायटॅनियमवर किंवा इतर धातूंवर कोरडें घासलें तर तें चिकटतें, आणि आटे एकमेकांत जाम होतात. ज्या आंसाभोंवतीं पातें दर वेळीं फिरतें, तेथें कठीण आणि गुळगुळीत पोलाद हेंच अधिक योग्य. म्हणून जाणते लोक मुठीचे आणि खिशाच्या पकडीचे स्क्रू टायटॅनियमचे घालतात आणि मधला आंस कारखान्याचाच ठेवतात. तिसरी मर्यादा रंगाची. साय कठीण असली तरी फार पातळ असते. पेचकस निसटला कीं ओरखडा पडतो, आणि बोटांचें तेल लागलें तरी छटा पालटल्यासारखी दिसते. चौथी मर्यादा शेजाराची. ओलाव्यांत दोन निराळे धातु एकमेकांना लागले तर त्यांपैकीं हलक्या कुळींतला झिजतो. लहानसा टायटॅनियमचा स्क्रू मोठ्या पोलादी पट्टींत बसला तर ही झीज पसरून नगण्य होते. परंतु ॲल्युमिनियमच्या मुठींत बसविल्यास खारट ओलाव्यापासून ती जपली पाहिजे.

कोणत्या जागीं कोणता धातु, याचा विवेक कसा करावा, याचें एक भव्य उदाहरण नारायणगांवाजवळच आहे. खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभ्या राहिल्या. त्यांचें पृष्ठ पत्र्याचें नसून बारीक तारेच्या जाळीचें आहे. ही तार गंज न धरणाऱ्या पोलादाची असून तिची जाडी अवघी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आहे. लांब लहरी या जाळीवरून पत्र्याप्रमाणेंच परततात आणि वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळें सांगाडा हलका ठेवतां आला आणि खर्च वांचला. तेथें धातु निवडला तो चकाकीवरून नव्हे, तर त्याला तेथें काय करावयाचें आहे यावरून. चाकूच्या चार स्क्रूंनाही हाच न्याय लागू आहे.

आतां प्रत्यक्ष काम. प्रथम चाकू मिटवून स्वच्छ पांढऱ्या कापडावर ठेवावा, म्हणजे पडलेला स्क्रू हरवत नाहीं. खळग्याच्या अचूक मापाचाच पेचकस घ्यावा. सैल पेचकसानें खळगा गोल होऊन बसतो, आणि मग तो स्क्रू निघतां निघत नाहीं. कारखान्यांत आट्यांना चिकट द्रव्य लावलेलें असतें. स्क्रू हटवादीपणा करूं लागला तर बळ न लावतां आधीं थोडी ऊब द्यावी. प्रत्येक स्क्रू निघाला तसा क्रमानें मांडावा, कारण दिसायला सारख्या असणाऱ्या स्क्रूंची लांबी निराळी असूं शकते. नवा स्क्रू जुन्याशेजारीं धरून जाडी, लांबी आणि आट्यांचें अंतर तपासावें. आट्यांचीं अमेरिकन मापें निराळीं आणि मेट्रिक मापें निराळीं; बोटांनीं सहज न फिरणारा स्क्रू पेचकसानें दामटला तर मुठीचे आटे कायमचे बिघडतात. स्क्रू लांब झाला तर त्याचें टोंक आंत पात्याला घासतें. आंखूड झाला तर दोनतीन आट्यांवर सारा भार पडतो. सर्व भाग कोमट पाण्यानें धुवून पूर्ण वाळवावे, आंसाला तेलाचा एकच थेंब द्यावा, टायटॅनियमच्या आट्यांना किंचित् ग्रीस किंवा स्क्रू सैल न होऊं देणारें द्रव्य लावावें, आणि हलक्या हातानें आवळावें. कांहीं कारखाने चाकू उघडल्यास हमी रद्द समजतात. तेव्हां हमीपत्र आधीं वाचावें.

यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. पातें उघडून बाजूला हलवून पाहावें. तें हलतां कामा नये. मग पात्याला उघडें धरून ठेवणारा खटका पुरता बसतो कीं नाहीं तें पाहावें, आणि बोटें पात्याच्या वाटेंतून दूर ठेवून त्याच्या पाठीवर हलकेंच दाबून खात्री करावी. आंस जास्त आवळला तर पातें अडतें आणि उघडतांना हात निसटतो. कमी आवळला तर तें डुलतें आणि खटका तिरका बसतो. असा खटका कामाच्या ऐन भरांत सुटला तर धारदार पातें थेट बोटांवर मिटतें. शेतांत दवाखाना दूर असतो, आणि कलम करणाऱ्याची तर्जनी म्हणजे त्याची उपजीविका. ही परीक्षा ज्याला करावयाची नाहीं, त्यानें स्क्रूला हात न लावणेंच शहाणपणाचें.

एवढें सगळें ऐकून कोणी म्हणेल, कीं चाकूला साज चढविण्याचा हा खटाटोप हवा कशाला? याला उत्तर आपल्याच घरांत आहे. पूर्वींच्या पानाच्या तबकांतील अडकित्ता पाहावा. कोणी त्याला मोराचा आकार देई, कोणी घोड्याचा. आणि त्याच्या सांध्याच्या खिळ्यालाही नक्षीदार फूल असे. त्या फुलानें सुपारी अधिक चांगली कातरली जात नव्हती. पण त्या अडकित्त्याला कोणी गंजूं देत नसे, तो पुसून ठेविला जाई. जी वस्तु आवडते, ती जपली जाते. रंगीत स्क्रूचाही उपयोग पुष्कळ अंशीं असाच आहे. निळ्या स्क्रूच्या मोहानें ज्यानें एकदां आपला चाकू उघडला, त्याला आंतील गाळ दिसतो, झिजलेली चकती दिसते, खटक्याची जागा कळते. आणि पुढच्या हंगामापूर्वीं तो चाकू पुन्हां उघडून साफ करण्यास तो कंटाळत नाहीं.

तात्पर्य, रंग हा बळाचा पुरावा नाहीं आणि किंमत ही गुणाची हमी नाहीं. जेथें गंजाचें भय आहे तेथें टायटॅनियम घालावें. जेथें झीज आणि भार आहे तेथें पोलाद राहूं द्यावें. आणि दोन्ही ठिकाणीं माप तपासल्यावांचून कांहीं बसवूं नये. हा विवेक सांभाळून कोणी आपल्या चाकूला चार सोनेरी स्क्रू लाविले, तर त्याला हंसण्याचें कारण नाहीं. नारायणगांवच्या बागेंत त्याच्या हातून होणारा काप सपाट येत असेल, काडी खुंटाला धरत असेल आणि त्याचीं दहाही बोटें शाबूत असतील, तर स्क्रूचा रंग कोणता असावा हें ज्याचें त्यानें ठरवावें.